खायची ओळ

त्या दुपारी थोरलीला तिच्याच मिरचीने रडवलं.

मिरचीने रडवलं यात नवल काय, असं कोणी म्हणेल. पण थोरलीची मिरची रडवणाऱ्यातली नव्हतीच. ती रंगाची मिरची. वितीएवढी लांब, आणि वाळली की अशी सुरकुतायची की घरात सगळे तिला म्हातारीच म्हणायचे. चिमूटभर टाकली की पातेलं लालभडक, बघूनच पाहुण्याला घाम फुटावा. आणि तोंडात घातली तर नुसती ऊब, उन्हं उतरल्यावर भिंतीला पाठ टेकल्यासारखी. आपला मुलगा दात यायच्या आधी ही मिरची चोखत बसायचा, असं थोरली सांगायची. मुलगा म्हणायचा, आई, काहीही काय. पण तो आता लांब शहरात राहत होता, तिथून काय खोटं पाडणार?

बांधापलीकडे धाकटी. थोरलीची जाऊ. नाव जाऊ, पण जायची कुठेच नाही. घराच्या भिंतीला भिंत आणि शेताच्या बांधाला बांध लावून बसलेली. ती लावायची लवंगी. करंगळीहून बारीक, वाळली तरी तुकतुकीत, अंगावर सुरकुती म्हणून नाही. आणि तिखट किती? तर तिच्या शेतातलं बुजगावणं सारखं डोळे पुसत उभं असायचं. वरून ढग निघाला की शिंकायचा आणि चार थेंब सांडून पुढे पळायचा, म्हणून तर त्या बाजूला पाऊस कमी. एकदा एक चोर मिरचीचं पोतं उचलायला आला. पोत्याला मिठी मारली आणि बोंबलत विहिरीत उडी टाकली. त्या विहिरीचं पाणी प्यायलं तर अजून ठसका लागतो.

या सगळ्या गोष्टी थोरलीनेच गावात सोडलेल्या. शेवटी ती जोडायची, "आणि मिरचीचं काय घेऊन बसलात? मालकीण चाखून बघा."

कारण दोघींचं बोलणं बंद होतं. कधीपासून? बंद झालं तेव्हा थोरलीचा मुलगा दप्तर घेऊन शाळेत जायचा. आता त्याला टक्कल पडलं होतं.

तर त्या दुपारी थोरलीने एकटीपुरतं कालवण केलं. एकटीपुरतं करणं तिला अजून जमत नव्हतं. नवरा गेल्यावर तिने पातेलं लहान केलं, मग त्याहून लहान. आता भातुकलीतलंच काय ते घ्यायचं बाकी होतं, तरी उरायचंच. नव्या मिरचीचा हा पहिला रस्सा. भातावर ओतला, घास घेतला, आणि दोन्ही कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं. दुसरा घास तिने हट्टाने घेतला. तिसऱ्याला डोळे वाहायला लागले. ती पाण्यालाही उठली नाही. तशीच ताटापुढे बसून रडली. नवरा गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, सगळ्यांना चहा करण्यात रडायचं राहूनच गेलं होतं. आता सवड मिळाली, ती मिरचीच्या नावावर.

भिंतीपलीकडे, नवऱ्यामागे एकटीच राहणाऱ्या धाकटीच्या घरात भांडं आपटलं. तशी थोरलीने पदराने नाक पुसलं.

"जुन्या कुठल्या तिखटाचा हात लागला असेल पातेल्याला," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कोणी नसलं की माणूस जरा मोठ्यानेच बोलतो.

दुसऱ्या दिवशी मिरचीचे देठ मोडायला रेडिओ आली. रेडिओ म्हणजे कामाला येणारी बाई. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवत नसावं. सकाळी ती थोरलीकडे काम करायची, दुपारनंतर धाकटीकडे, आणि येता-जाता इकडचं तिकडे पोचवायची. त्यामुळे बोलत नसूनही दोघी जावांना एकमेकींचं सगळं माहीत. कोणाचा गुडघा धरलाय, कोणाची चूल धुरावते, कोणी नवं पातळ घेतलं आणि रंग उतरला म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. रेडिओ नसती तर दोघी केव्हाच बोलायला लागल्या असत्या, असं लोक म्हणत.

अंगणात चटयांवर मिरचीचा ढीग. दोघी पाट घेऊन बसल्या. देठ मोडायचा, मिरची पाटीत, देठ पाठीमागे. कट्, कट्. रंगाच्या मिरचीत हात नुसते लाल होतात. लवंगीत बोटं पेटतात, म्हणून धाकटीकडे जाताना रेडिओ हाताला तेल चोळून जायची.

"यंदा म्हातारी तरुण झाली गं थोरले," रेडिओ म्हणाली. "सुरकुत्या कमी, अंग कसं भरलंय. काय खायला घातलंस?"

"कष्ट," थोरली म्हणाली. मिरची झाडावर होती तेव्हापासून तिला या भरलेल्या अंगाचा अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ती दाखवत होती.

"मला पण घाल की थोडे. आमचे हे म्हणतात, तू सुकलीस."

"तू सुकलीस? तुझं तोंड सोडून बाकी सगळं सुकलं असेल."

रेडिओ हसली, बोलत राहिली, आणि मध्येच गप्प झाली. रेडिओ गप्प होणं म्हणजे पंखा फिरता फिरता बंद पडावा तसं. सगळ्यांचं लक्ष वर जातं. थोरलीने मान वर केली. रेडिओ बोटांकडे बघत होती. तिने बोटांवर फुंकर घातली, हात झटकले आणि उठून पाण्याच्या पिंपाकडे पळाली.

"पाणी नको, पसरेल! तेल घे, तेल!"

"ही चावली गं मला!" रेडिओ नाचत म्हणाली. "तुझी म्हातारी चावली!"

"तुझ्याच हाताला कालची लवंगी राहिली असेल."

"काल मी दात काढायला गेले होते! तिकडे पाय ठेवला नाही."

थोरलीने ढिगातून एक मिरची उचलली, टोक चावलं. गोड. दुसरी, गोड. तिसरीने मात्र जिभेला चटका दिला. मग ती कितीतरी वेळ एकेक मिरची उचलत, चावत, थुंकत बसली. काही तिच्या जुन्याच होत्या, समजूतदार. काहींना दात आले होते. आणि कोणती कोणती, ते वरून बघून काही केल्या कळेना.

"हे कोणाला सांगू नकोस," तिने रेडिओला बजावलं.

"मी? मी कशाला सांगू?" रेडिओ म्हणाली, आणि घाईघाईने चप्पल शोधायला लागली.

मसालेवाला येईपर्यंत त्याच्या ड्रायव्हरलाही माहीत झालं होतं.

मसालेवाला दरवर्षी थोरलीचा सगळा माल न्यायचा. जाडा, घामेजलेला, खिशात कायम दोन रुमाल. एक घामाला, एक शिंकेला. पोत्यावर बसून तो दरवर्षी तेच सांगायचा, "बाई, मसाला म्हणजे एक घर असतं बघा. लवंगी भांडते. ती हवी, भांडण नसेल तर घर कसलं? ती गोल बोर मिरची, वाळली की खुळखुळ्यासारखी वाजणारी, ती फोडणीत अख्खी टाकली की घरभर वास करते. ती शेपटी वर करून आभाळाकडे बघत वाढणारी उर्मट, ती लोणच्याला बरी, नुसतं बोट लावलं तरी बोलते. ढोबळीला तर आम्ही मिरची म्हणतच नाही, ती भाजीच. पण घराला घराचा रंग कोण देतं? तुमची म्हातारी."

यंदा घराची गोष्ट राहिली बाजूला. एक मिरची मोडली, आतल्या पांढऱ्या शिरेला जीभ लावली. डोळे मिटले. मग त्याला जो खोकला लागला तो दोन्ही रुमाल संपले तरी थांबेना. ड्रायव्हर तोंड फिरवून हसत होता. थोरली दुधाचा पेला घेऊन उभी होती, त्याच्याकडे बघता बघता पेला कलला आणि दूध तिच्याच पायावर सांडलं.

"रंग फक्कड आहे, बाई," शेवटी मसालेवाला म्हणाला. "पण रंगाला दात फुटलेत. तिखट कमी-जास्त झालं तर मी चिमूट इकडे-तिकडे करतो. रंग मात्र आम्ही मूठभर टाकतो. मूठभर! लहान मुलांच्या खाऊत जातो तो. उद्या मुलं रडायला लागली तर आया मला उभा चिरून मीठ भरतील."

"निवडून देते मी. गोड त्या वेगळ्या काढून."

"कशा? एकेक चावून?"

ड्रायव्हर पुन्हा हसला. थोरलीच्या मनात तेच होतं.

"बी कुठलं धरलं होतं?" मसालेवाल्याने विचारलं.

"घरचंच. लग्न करून आले तेव्हापासूनचं."

"ते खरं. पण शेताच्या कुठल्या भागातलं?"

नवरा होता तोवर बी तो धरायचा. शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, ओढ्याकडे जायचा आणि तिथल्या झाडांची फळं राखायचा. का, ते त्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. संसारात कितीतरी गोष्टी न विचारताच चालतात. तो गेल्यावर बी हिने धरलं. सगळ्यांत जोमदार झाडं होती तिथलं. आणि जोमदार झाडं होती बांधालगतच्या ओळीत. खुरपणं तिथे जास्त, पाणी तिथे जास्त, कारण थोरली सारखी तिथेच असायची. आता ती तिथेच का असायची, हे मसालेवाल्याला काय सांगणार? बांधापलीकडे धाकटी काम करत असायची. खोकायची. मध्येच स्वतःशी गुणगुणायची, भयंकर बेसूर. बोलणं नव्हतं. पण ओढ्याच्या टोकाला एवढंसुद्धा नव्हतं.

"बांधाजवळचं," थोरली म्हणाली.

मसालेवाल्याने मान वळवून बांधापलीकडे बघितलं. लवंगीची झाडं उन्हात चकाकत होती.

"अहो बाई, मधमाशीला बांध कुठे कळतो? ती या फुलावरून त्या फुलावर जाते. त्या वर्षी फळ तुमच्या मिरचीसारखंच दिसतं, चवीलाही तुमचंच. पण आतलं बी पलीकडच्यांशी सोयरीक करून बसतं. ते पेरलंत, आणि यंदा पोरं गेली काकूवर."

तो उठला, पँट झटकली. "जुनं, निर्मळ बी मिळालं तर लावा. पुढच्या वर्षी येतो मी. नाही मिळालं तर..." पुढचं न बोलता त्याने तिच्या गुडघ्याची चौकशी केली आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

गाडीची धूळ खाली बसल्यावर थोरलीने घरातले सगळे डबे काढले. माळ्यावरचे, चुलीमागचे, नवऱ्याच्या पेटीतले. एका मडक्यात जुनं बी निघालं, पण त्याला भुंगा लागून नुसता भुसा झाला होता. एका पुरचुंडीत थोडं बरं दिसलं. ते तिने ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं आणि रोज उघडून बघायला लागली. फडक्याला बुरशी आली, बी फुगलं, कुजलं, कोंब एकालाही फुटला नाही. बाजारात बियाण्याच्या दुकानात विचारलं तर त्याने चित्र छापलेलं पाकीट दाखवलं. चित्रातल्या मिरचीला एकही सुरकुती नव्हती.

मुलाचा फोन आला.

"आई, आता पुरे. शेत देऊन टाक कुणाला तरी आणि इकडे ये. इथे तिखट पाकिटात मिळतं."

"पाकिटात काय काय मिळतं तुझ्याकडे?"

"सगळं मिळतं. तिकडे आहे कोण तुझं?"

थोरलीने भिंतीकडे बघितलं. पलीकडे झाकण पडलं, गरगर फिरलं आणि थांबलं.

"पेरणीपर्यंत थांब," ती म्हणाली. "माझं बी मिळालं तर मी राहीन. नाही मिळालं तर येईन. मग मला घ्यायला ये, आणि ते टक्कल झाकून ये. लोकांना वाटेल, माझा भाऊ आला."

यंदाचा माल तर विकायला हवा होता. तिने पोती टेम्पोत घातली आणि बाजारात नेली. इतकी वर्षं तिचा माल बाजाराच्या दारात कधी गेला नव्हता. कुठे उतरवायचं तेही तिला माहीत नव्हतं. रंगाच्या मिरचीच्या ओळीत पोतं ठेवलं तर तिथल्या व्यापाऱ्याने चाखून उचलायला लावलं. तिखटाच्या ओळीत ठेवलं तर तिथला म्हणाला, "याच्यात दम नाही." शेवटी एका हमालाने तिची पोती कोपऱ्यात, चेंगरलेल्या आणि डाग पडलेल्या मालाशेजारी टाकली आणि खडूने त्यांच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, भेसळ.

थोरली त्या पोत्यांशेजारी दिवसभर बसून होती. येणारे-जाणारे वाचत होते. मध्ये एकदा कोणाचं लक्ष नाही असं बघून तिने पदराने एका पोत्यावरचा खडू पुसला. हमालाने येऊन तो पुन्हा लिहिला, या वेळी जरा जाड.

माल मातीमोल गेला. परत आल्यावर ती रेडिओशीही दोन दिवस बोलली नाही. रेडिओ मात्र बोलत होती.

"तिकडे काय ऐकलंस का? धाकटीच्या न्हाणीमागे मच्छरदाणी आहे."

"डास असतील."

"बाहेर? झाडाझुडपात? आणि आत मला जाऊ देत नाही. लोक म्हणतात, साप पाळलाय. लवंगी खाऊन खाऊन साधं विष पुरेना, म्हणून."

ही गोष्ट आपल्याला का सुचली नाही, याचं थोरलीला वाईट वाटलं. पण दुपारी ती छपरावर चढली. गुडघा नको म्हणत होता, तरी चढली. कौलांवर पोटावर सरकत सरकत ती कडेपर्यंत गेली आणि खाली बघितलं. न्हाणीमागे एक फुटकी बादली. तिच्यावर चार काठ्या रोवून जुनी, ठिगळाची मच्छरदाणी टाकलेली. आत एक झाड. आणि झाडावर, जाळीतून लाल लाल दिसणारी, वितीएवढी लांब, टोकाशी सुरकुतायला लागलेली...

थोरली किती वेळ तशी पालथी पडून होती कोण जाणे. पोट कौलांनी भाजलं, तेव्हा उतरली.

दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या दारात गेली. भिंत एक, दारं शेजारीशेजारी, तरी वाटेत ती दोनदा परत फिरली. काय बोलायचं ते तिने घोकून आणलं होतं. धाकटी लसूण सोलत बसली होती. बारीक झाली होती. लांबून दिसायचं नाही, पण केस पार पांढरे.

"या, ताई," धाकटी म्हणाली. कालच थोरली इथून उठून गेली असावी, तशी.

घोकलेलं सगळं थोरलीच्या डोक्यातून निघून गेलं. "आमचं मांजर आलंय का इकडे?"

"ते गेल्या उन्हाळ्यातच माझ्याकडे राहायला आलंय. तुम्हाला माहीत आहे." धाकटीने लसणाची टोपली बाजूला सारली. "जेवलात?"

"नाही."

धाकटीने ताट वाढलं. भातावर लाल रस्सा ओतला, चांगला लालभडक. थोरलीने घास उचलला, आणि तिला बुजगावणं आठवलं, ढग आठवला, विहिरीतला चोर आठवला. डोळे घट्ट मिटून तिने घास तोंडात घातला.

काहीच झालं नाही. नुसती ऊब. उन्हं उतरल्यावरच्या भिंतीसारखी.

"मला तिखट सोसत नाही," धाकटी म्हणाली. "कधीच सोसलं नाही. पोटात जाळ होतो. एकत्र होतो तेव्हा चुलीपाशी तुम्ही असायचात, म्हणून निभावलं."

"आणि लोक म्हणतात, तू मूठभर लवंगी कच्ची खातेस."

"लोक कुठे म्हणतात? तुम्ही म्हणता."

थोरलीला ठसका लागला. रस्सा गोड होता, तरी लागला.

"रेडिओने सांगितलं?"

"सगळ्या गोष्टी सांगते ती. चोराची मला आवडली. दोनदा सांगायला लावली."

थोरलीने खाली बघून भात कालवला. "मग लवंगी लावलीस कशाला, सोसत नाही तर?"

"दुसरं बी मला दिलं कोणी? वाटणीच्या दिवशी मागितलं होतं मी तुमच्याकडे. सगळे बसले होते ओसरीवर. तेव्हा काय म्हणालात?"

थोरलीला आठवेना. वाटणीच्या दिवसाचा तिला फक्त बांधावरचा दगड आठवत होता; तो हातभर इकडे की तिकडे, यावरून पुरुष माणसं दिवसभर ओरडत होती.

"'तुला बी कशाला हवं?' असं म्हणालात," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही. लसणाचं एक साल तिच्या बोटाला चिकटलं होतं, ते ती काढत राहिली.

धाकटीला मूल नव्हतं. झालंच नाही. त्या दिवशी ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

थोरलीचा हात ताटातच राहिला. "अगं, मी मिरचीचं बी म्हणत होते. मी रोपंच करून देणार होते तुला, तयार. बी टाकून निगुतीने वाढवायची कटकट तुला कशाला, म्हणून म्हटलं."

"हो. कळलं ते मला."

"कळलं? कधी?"

"चार-आठ दिवसांनी. न्हाताना एकदम डोक्यात आलं. पण तोवर भांडून झालं होतं, चूल वेगळी झाली होती. म्हटलं, ताई येतील, मग बोलू."

"मला वाटलं, तू दगडावरून रुसलीस. म्हटलं, ती लहान आहे, ती येईल आधी."

"मी वाट बघत होते."

"मी पण."

मांजर आलं, दोघींच्या मध्ये बसलं आणि कोणाच्याच अंगाला लागलं नाही.

"तू भांडी किती आपटतेस गं," थोरली जरा वेळाने म्हणाली. "सगळं ऐकू येतं मला तिकडे."

"तुम्हाला ऐकू यावं म्हणूनच आपटते," धाकटी म्हणाली. "नाहीतर एकटीची भांडी किती वाजणार?"

तिने ताट चाटूनपुसून संपवलं. खूप दिवसांनी तिच्या पुढ्यातलं काही उरलं नाही.

मग धाकटी न्हाणीमागे गेली आणि तिथे वाळत घातलेल्यांतल्या ओंजळभर मिरच्या घेऊन आली. प्रत्येकीवर म्हातारीच्या सुरकुत्या, अगदी जिथल्या तिथे. "वाटणीनंतर अंगण झाडताना तुमची एक मिरची मिळाली होती. तिचीच ही. दरवर्षी एक झाड लावते, खाण्यापुरतं. पोपट सोडत नाहीत म्हणून मच्छरदाणी टाकली. मेल्यांना तिखट-गोड काही कळत नाही, सगळंच खातात."

पोपटांसाठी टाकलेल्या जाळीत मधमाशीही शिरली नव्हती. थोरलीने पदर पसरला. घेताना तिच्या लक्षात आलं की आपण पदर पसरलाय. मग तिने तो तसाच राहू दिला.

"कुठे लावाल?" धाकटीने विचारलं.

"ओढ्याच्या टोकाला. लांबच लावावी लागेल. बांधाजवळ लावली तर पुन्हा तेच."

"हो," धाकटी म्हणाली. "लांबच लावा." आणि वळून ती रश्श्याच्या पातेल्यावर झाकण ठेवायला लागली. झाकण अजिबात वाजलं नाही.

थोरलीने मुलाला कळवलं, येत नाही. बी रुजलं, वाफ्यात हिरवी रेघ उमटली. रोपं हातभर झाल्यावर ती ओढ्याच्या टोकाला लावायला घेतली. चिखलात वाकायचं, बोटाने भोक पाडायचं, रोप ठेवायचं, माती दाबायची. एका दिवसाचं काम आता तिला बरेच दिवस पुरत होतं. गुडघा म्हणत होता बस, कंबर म्हणत होती उठू नको. त्या टोकाला ओढ्याचं पाणी होतं, वारा होता आणि ती होती. मान वर केली की लांब, शेताच्या दुसऱ्या कडेला, दोन बुजगावणी दिसायची. त्यातलं एक हललं की समजायचं, ही धाकटी. खोकला ऐकू यायचा नाही. बेसूर गाणंही नाही. एकदा थोरलीने तिकडे बघून हात हलवला, पण हलवला तेव्हा धाकटी वाकलेली होती. मग थोरलीने स्वतःच गुणगुणून बघितलं. तिला धाकटीइतकं वाईट जमेना.

एक दिवसाआड रेडिओ बातम्या आणायची. "तुम्ही आता बोलता ना, मग मला कशाला विचारतेस?" ती कुरकुरायची. बोलत होत्या, नाही असं नाही. दारात दिसल्या तर "जेवलात?" "जेवले" होत होतं. पण इतक्या वर्षांचं न बोलणं दोघींच्या तोंडात मुरलं होतं. एका जेवणात ते कसं जाणार?

शेवटच्या दिवशी पाटीत थोडी रोपं उरली. ओढ्याकडे जागा होती. थोरलीने ती पाटी डोक्यावर घेतली आणि सगळं शेत ओलांडून बांधाकडे आली. बांधालगतची ओळ मोकळी पडली होती. ती खाली बसली, बोटाने भोक पाडलं, रोप ठेवलं, माती दाबली. दुसरं रोप ठेवलं.

पलीकडे खुरपं थांबलं.

"ताई, इथे कशाला लावताय?" धाकटी म्हणाली. "माझी लवंगी इथेच आहे. याचं बी तुम्हाला धरता यायचं नाही. वाया जाईल ओळ."

"जाऊ दे," थोरली म्हणाली आणि तिसरं भोक पाडलं. "ही खायची ओळ."

धाकटीने चौथं रोप लागेपर्यंत बघितलं. मग वाकली, खुरपं चालू झालं, आणि जरा वेळाने तिला खोकला आला.

थोरलीही खोकली. तिच्या घशाला काहीच झालेलं नव्हतं.